कोलामीचा पगार

आधीच सांगून ठेवतो, मी भांडखोर माणूस नाई. पण वामनरावचा पगार एकशे दहा अन् मायावाला पंच्याहत्तर, हे ज्या दिवशी समजलं त्या दिवशी मले घास गेला नाई. सुग्राबीनं भरल्या वांग्याची भाजी केलती. बायको हाय, तिले समजतेच. ताट उचलता उचलता म्हणे, "तबियत तो ठीक है ना?" तबियत ठीकच होती, डोकं ठीक नव्हतं.

मी जहीर, केळापूर तहसिलीतला भाषांतरकार. तहसीलचं नाव केळापूर अन् हापीस पांढरकवड्याले, हे आमच्याकडं असंच हाय. लोकाईचे जुने कागद, कोणाचे उर्दूत, कोणाचे मोडीत, ते मराठीत उतरवून देणं मायं काम. म्हणून मले सारे मुन्शीजी म्हणतात. वामनराव बाजूच्या दिवाणी कोर्टातला भाषांतरकार. तो मराठीचं इंग्रजी करते. त्याच्या अन् माया खुर्चीच्या मधात एक भिंत अन् एक कडुलिंबाचं झाड. मंग हे पस्तीस रुपये कायचे? भिंतीचे का लिंबाचे?

मी त्याले तोंडावर इचारलं. वामनराव सुपारी कातरत होता. म्हणे, "जहीरमिया, कोर्टाचं काम जोखमीचं असते. एक शब्द चुकला तर माणूस फासावर जाते." आमच्या दिवाणी कोर्टात आजवर कोणी फासावर गेलं नाई. लय झालं तं एखाद्याची म्हैस जप्त झाली असंल.

छप्पन साली आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला. गेला म्हणजे आमी जागचे हाललो नाई, कागदच गेले. दोन वर्षानं मुंबईहून हुकूम आला, का साऱ्या खात्याच्या भाषांतरकाराईच्या पगाराची तपासणी होणार हाय, सारख्या कामाले सारखा पगार भेटंल, ज्याले आपल्यावर अन्याय झाला असं वाटते त्यानं अर्ज करावा. मले तं वाटतच होतं. मी अकरा पानाचा अर्ज लिहिला. त्यात वामनराव दिवसातून किती डाव पान खाते, साडेतीन वाजता टेबलावर डोकं ठेवून किती वेळ झोपते, सारं तारीखवार टाकलं. एका ठिकाणी फुकटखाऊ असंबी लिहिलं. राग होता, लपवायचा कायले?

अन् सातव्या कलमात मी मायावाला हुकमाचा पत्ता टाकला. 'उर्दू व मोडीखेरीज अर्जदार आठ वर्षांपासून कोलामी भाषेच्या दुभाष्याचे काम करीत आहे, जे कोर्टातील भाषांतरकारास मुळीच येत नाही.'

आता या कोलामीचं सांगावं लागते. झरी जामणीकडचे कोलाम लोक पोडावरून जबाब द्याले आमच्या हापिसात येत. पोड म्हणजे त्याईचं जंगलातलं गाव. कायदा असा, का त्याईनं आपल्या बोलीत सांगावं, दुभाष्यानं मराठीत समजावावं, कारकुनानं लिहावं अन् खाली दुभाष्यानं सही करावी, का 'समजावून घेतले, वाचून दाखवले, बरोबर आहे.' आमच्याकडं दुभाष्याची जागाच नव्हती. तहसीलदार मले म्हणे, "मुन्शी, तुमाले दोन भाषा येतात, तिसरी सांभाळून घ्या." तहसीलदाराले नाई कोण म्हणंल?

हापीस झाडाले तानाबाई होती. अठरा रुपये महिना. ती जातीची कोलाम, पोडावरूनच आलेली. मी तिले हाक मारो. ती झाडू भिंतीले टेकवे, ऐकून घे, मले सांगे, मी कारकुनाले सांगो, अन् खाली सही ठोको. आठ वर्षं असं चाललं. अन् बाप्पा, सह्या करता करता मले खरंच वाटाले लागलं का मले कोलामी येते. रोज चुलीपाशी बसून जेवणाऱ्याले वाटते ना का आपल्यालेबी भाकर थापता येते, तसंच हे.

अर्ज गेला अन् पंधरा दिवसानं वापस आला. वर शेरा, का मराठी अर्ज चालत नाई, सरकारमान्य भाषांतरकाराकडून इंग्रजी करून जोडा. अख्ख्या तालुक्यात सरकारमान्य इंग्रजीवाला माणूस एकच, वामनराव.

तीन दिवस मी तो अर्ज कोटाच्या खिशात घेऊन फिरलो. चवथ्या दिवशी सुग्राबी म्हणे, "जिसको गाली दी उसीसे लिखवाना, वा रे तुम्हारी अक्कल." पण मुदत सरून राह्यली होती. गेलो. वामनरावनं अकराच्या अकरा पानं सावकाश वाचले. मी लिंबाकडं पाहत होतो. त्यानं आधी, पानाले आठ आण्याच्या सरकारी दरानं साडेपाच रुपये मोजून घेतले, पावती फाडली अन् मंग इचारलं, "फुकटखाऊ या शब्दाले इंग्रजीत दोन शब्द आहेत. एक हलका, एक भारी. कोणता टाकू?"

मी म्हटलं, "तुमाले योग्य वाटंल तो टाका."

"माह्या वाटण्याचा संबंध नाई. मी शपथ घेतली आहे. तुमच्या मनात कोणता होता?"

खोटं कायले बोलू? म्हटलं, "भारी." त्यानं भारी टाकला. मंग सातव्या कलमावर बोट ठेवून म्हणे, "कोलामी तर तानाबाई सांगते ना?"

"सही कोणाची हाय?" मी इचारलं.

"सही तुमची आहे."

"मंग?"

वामनरावनं टाक बुडवला. म्हणे, "माही शपथ शब्दाची आहे जहीरमिया. खरं का खोटं, हे पाहणं माह्याकडं नाई." अन् उतरवलं. मले तेव्हाच खटकाले पाह्यजे होतं, पण डोळ्यासमोर एकशे दहा नाचून राह्यले होते. तीन पोरी हायेत मले. थोरलीचं जमलं होतं, बोलणी पगारावर अडलती. होणाऱ्या व्याह्यानं साफ सांगतलं होतं, का कोर्टातल्या मुन्शीएवढी ऐपत असंल तं या. म्हणून हे पस्तीस रुपये माया पोरीच्या निकाहाचे होते.

थंडीत मुंबईहून तपासणीचे साहेब आले. शुद्ध बोलणारे, जाड चष्मा, हातात आमची फाईल. मले अन् वामनरावले दोघाले बलवलं. मले म्हणे, "अर्जातलं इंग्रजी फार सुरेख आहे." वामनरावनं लाजून मान खाली घातली.

"हे कोलामीचं मला विशेष वाटलं," साहेब म्हणे. "कोर्टात हे काम नाही. तुम्हाला खरोखर येत असेल तर तुमची मागणी मान्य करायला माझी हरकत नाही. एक जबाब माझ्यासमोर घ्या."

मी दारातून तानाबाईले शोधलं. ती दिसे ना. बड्या साहेबासमोर झाडू दिसू नये म्हणून तहसीलदारानं तिले भल्या पहाटे झाडून घ्याले लावलं अन् लिंबाखाली बसवलं होतं. इकडं शिपायानं झरीकडचा एक म्हातारा कोलाम आणून उभा केला. नाव फकिरा. साहेब म्हणे, "बोल बाबा, जे सांगायचं ते तुझ्या भाषेत सांग."

फकिरा दोन मिनिटं बोलला. मले एकबी शब्द समजला नाई. शपथेवर सांगतो, एकबी नाई. पण आठ वर्षात दोनशेच्या वर जबाब ऐकले होते, सारे एकसारखेच. म्हटलं, अल्ला मालिक, मारा तुक्का.

"साहेब, हा म्हणते का शेजाऱ्यानं माया बांध कोरला. दोन हात आत घुसला." साहेब लिहून राह्यले होते. त्याईले लिहिताना पाहून मले जोर चढला. "बांधावरचं पळसाचं झाडबी तोडलं म्हणते. त्याच्या बापाच्या हातचं झाड होतं."

फकिरानं सारं नीट ऐकून घेतलं. मंग साहेबाकडं पाहून आपल्या वऱ्हाडीत म्हणे, "साहेब, मले शेजारीच नाई. मायं वावर टेकडीवर एकटंच हाय."

साहेबाचा टाक थांबला. "तुला मराठी येतं?"

"बजार कराले येतो साहेब, आल्याशिवाय कसं जमंल? शिपाई म्हणे आज कोलामीतच बोलजो, म्हणून बोललो."

"मग तू काय म्हणालास?"

"म्या म्हटलं, या माणसाले आमचं काई समजत नाई. आमचं बोलणं ते झाडणारी बाई सांगते. तिले बलवा."

वामनरावले ठसका लागला. सुपारीचा होता का हासण्याचा, हे मी आजवर इचारलं नाई.

साहेबाईनं रजिस्टर मागवलं. दोनशे बारा जबाब, दोनशे बारा सह्या, साऱ्या मायावाल्या. साहेब थंड आवाजात म्हणे, "मुन्शी, हे सगळे जबाब खोटे धरावे लागतील. तुमची नोकरी तर जाईलच." आता पस्तीसचं सोडा, पंच्याहत्तरबी चालले होते.

तानाबाई आली. झाडू तिच्या हातातच होता, कोठं ठेवावा हे तिले समजे ना. साहेबाईनं इचारलं, "बाई, तू सांगितलेलं हा माणूस बदलून लिहायला सांगायचा का?"

मायं सारं घरदार तिच्या जिभेवर येऊन बसलं. तिनं मायाकडं पाह्यलं, रजिस्टराकडं पाह्यलं. म्हणे, "नाई साहेब. मी सांगो तसंच ते लिहाले लावे. मले कधी नीट उमगलं नाई तं पुन्हा इचाराले लावे. मुन्शीजीनं आपल्या पदरचं काई घातलं नाई." मंग म्हणे, "आजचं मले माहीत नाई."

साहेब जरा नरम पडले. "या कामाचं तुला काय मिळतं?"

"चाय भेटते साहेब. बजाराच्या दिवशी."

तिनं काई तक्रार म्हणून सांगतलं नाई. इचारलं म्हणून सांगतलं. त्यानंच मले जास्त लागलं. अकरा पानं खरडले होते मी, अन्याय झाला म्हणून बोंबललो होतो. वामनरावच्या झोपेच्या तारखा लिहून ठेवल्या, पण हे बाई आठ वर्षं माया मागं उभी होती ते एकाबी पानावर नव्हतं. लाज वाटली. खरं सांगतो, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी म्हटलं, "साहेब, सातवं कलम कापा."

"कापलं तर तुमच्या अर्जात उरतं काय? नुसत्या उर्दू-मोडीला पंच्याहत्तर योग्यच आहेत."

"नाई उरलं तं नाई उरलं. पण कापून फेकू नका, तिच्या नावानं लावा. काम तिचं हाय. अन् ते काम पंच्याहत्तरहून कमी किमतीचं नाई, हे तुमी मायाच अर्जात वाचलं हाय."

वामनराव हळूच पुढं झाला अन् म्हणे, "साहेब, हे जे बोलले ते इंग्रजीत उतरवू का?" साहेब म्हणे उतरवा. त्यानं उतरवलं, अन् या डाव पैसे घेतले नाई.

चार महिन्यानं हुकूम आला. तानाबाईले वाचता येत नाई, म्हणून मीच तिले लिंबाखाली वाचून दाखवला. दुभाषी या नव्या जागेवर नेमणूक, दर महिन्याले पंच्याहत्तर रुपये. मायाबद्दल एकच ओळ होती, का जुने जबाब ग्राह्य धरले असून अर्जदाराचा पगार आहे तसाच राहील.

"पंच्याहत्तर म्हणजे तुमच्याएवढे?" तिनं इचारलं.

"मायाएवढेच."

तिचा इश्वास बसे ना. कागद घेऊन कोर्टात गेली, वामनरावकडून पुन्हा वाचून घेतला अन् वापस येऊन म्हणे, "त्याईनंबी तेवढंच वाचलं." तिच्या जागी मी असतो तं मीबी वाचून घेतलं असतं.

त्या दिवशी घरी गेलो तं सुग्राबी दारातच उभी. हुकूम आल्याचं तिले शिपायाकडून समजलं होतं.

"बढी क्या तनखा?"

"बढी," मी म्हटलं. "तानाबाई की."

ती खालीच बसली. मले वाटलं आता रडते, पोरीच्या निकाहावरून बोल लावते. मंग म्हणे, "कितनी हुई उसकी?"

"मेरे बराबर. पचहत्तर."

"अच्छा हुआ," ती म्हणे. उठून चुलीकडं गेली, अन् तिकडूनच तिनं इचारलं, "और उसका आठ साल का बकाया? वो कौन देगा?"

मी चप्पल काढता काढता तसाच उभा राह्यलो. या थकबाकीचा अर्ज कोणत्या हापिसात करतात, हे मले बावीस वर्षाच्या नोकरीत कोणी सांगतलं नव्हतं.