वाफेवरची दुरडी

मी एक जुनी दुरडी आहे. बारीक बांबूच्या कांब्यांची, हातभर रुंद, काठाला एका जागी तांब्याची तार गुंडाळलेली. मित्रांनो, तुमच्या घरी भाजी निवडायला असते तशीच मी दिसते. पण मला हुंगून पाहिलेत तर गंधकाचा वास येईल. तो माझ्या गावचा वास आहे.

माझे गाव हे जपानच्या दक्षिण समुद्रातले एक छोटे बेट आहे. टोकियोहून रात्रभर बोटीने गेले की एक मोठे बेट लागते, आणि तिथून लहान बोट पकडली की आमचे. तिथली माणसे त्याला नुसते 'बेट' म्हणतात. ते सगळेच एका ज्वालामुखीचे तोंड आहे. कड्यांच्या आत खोलगट जमीन आहे आणि तिच्या भेगांतून सतत वाफ येते. त्या भेगांवर दगडी खड्डे बांधून झाकणे बसवली आहेत. रताळी, अंडी, मासे दुरडीत घालायचे, दुरडी खड्ड्यात ठेवायची आणि गप्पा मारत बसायचे. बेटावर असाच स्वयंपाक होतो.

मला एका बापाने विणले. त्याला दोन मुली होत्या, थोरली तोमे आणि धाकटी किनु. पहिल्यांदा वाफेत ठेवले तेव्हा माझा रंग हिरव्याचा पिवळा झाला. पुढे कितीतरी वर्षे मी त्या घराची रताळी उकडली. माझ्यात शिजलेल्याला वेगळी चव असते, असे शेजारी म्हणत. ते खरे होते की नाही, मला ठाऊक नाही. पण ऐकायला बरे वाटे.

बेटावर मोठी शाळा नाही. पंधरा वर्षांची झाली की मुले बोटीने निघून जातात. किनु निघाली तेव्हा तोमेने माझ्यात रताळी भरून मला तिच्या हाती दिले. दोघींनी एक कागदी फीत धरली होती, एक टोक धक्क्यावर, दुसरे बोटीवर. बोट सुटली तशी फीत तुटली.

टोकियोत वाफेचा खड्डा नव्हता, आणि कुठल्याच पातेल्यात मी मावत नव्हते. माझ्यात कांदे राहिले, मग संत्री राहिली. येणारे-जाणारे कौतुक करत, असे काम आता कोण करतो म्हणत. मग प्लास्टिकची भांडी आली आणि मी फ्रिजवर गेले. तिथल्या कोरड्या उष्णतेने माझा काठ तडकला. किनुला दिसले तेव्हा तिने मला पाण्यात भिजवले, तार गुंडाळली आणि संत्री घालून फोनच्या मेजावर आणून ठेवले. तेव्हापासून त्या घरातले सगळे बोलणे मी ऐकत आले.

किनुची मुलगी मिझुए. लग्न केले नाही, आईजवळच राहिली. दर वर्षी थंडी सरत आली की दोघी मेजावर नकाशा पसरून बेटाची सहल ठरवत. बोट कधी, हेलिकॉप्टर मिळेल का, कड्यावर चढायचे कोणत्या वाटेने. एकदा मिझुएने मासिकातला बेटाचा फोटो दाखवला, आकाशातून काढलेला, हिरव्या वाडग्यात उलटा ठेवलेला हिरवा पेला दिसावा तसा. किनु म्हणाली, वरून कुणाला बघायचंय, आम्ही तर आतून बघितलंय. मग कधी गुडघे दुखत, कधी समुद्र खवळलेला असे, आणि सहल पुढच्या वर्षावर जाई.

गेल्या शरद ऋतूत किनु गेली.

जाण्याआधी तिने मुलीला एकच गोष्ट बजावली होती. ताईला फोनवर सांगू नकोस. तिचं हृदय धड नाही, घरात एकटी असते. तू जा, तिच्याजवळ बस, मग सांग.

मिझुए रडली नाही. तिने कप धुतले, कपड्यांच्या घड्या केल्या, कचेऱ्यांत जाऊन आली. जेवण ती वेळेवर करी. चव लागत नाही, असे एकदा कुणाला तरी फोनवर म्हणाली, हवामान सांगावे तसे. अस्थींचा कलश पांढऱ्या कापडात बांधून माझ्या मागच्या कपाटावर ठेवला होता. मलाही काही वाटत होते, असे मी सांगू शकत नाही. संत्री संपली होती. मी रिकामी होते.

मग तिने नकाशा काढला आणि ती एकटीच सहल ठरवायला बसली.

राहायची जागा आधी ठरल्याशिवाय आमच्या बेटावर कुणी येत नाही. वाऱ्याने बोटी अडल्या तर आलेल्या माणसाला खायला काय घालायचे? तांदळापासून टोफूपर्यंत सगळे बोटीने येते, आणि खानावळवाल्या माणसे मोजून मागवतात. तोमेची तीन खोल्यांची, उतरायची सोय असलेली खानावळ आहे. तेव्हा पहिला फोन तिलाच करायला हवा होता.

तोमे फोनवर ओरडून बोलते. पूर्वी बेटावरून आवाज नीट पोचत नसे, ती सवय राहिली आहे.

"किती जणी?" तिने विचारले, आणि उत्तराला न थांबता स्वतःच म्हणाली, "दोघीच ना. तिसरं कोण असणार? जावई काही तू आणला नाहीस."

"हो," मिझुए म्हणाली. "दोघी."

फोन ठेवल्यावर तिचा हात बराच वेळ फोनवरच होता. मग तिने हेलिकॉप्टरच्या कचेरीला फोन केला. तिथल्या माणसानेही किती जण म्हणून विचारले. ती म्हणाली, एक. सहज म्हणाली. त्यात नऊच जागा असतात आणि त्या भरल्या होत्या. बोटीने जायचे ठरले.

बोट सुटली नाही. हिवाळ्यात आमच्या धक्क्यावर लाटा चढतात. पुढची बोट निम्म्यातून परत फिरली, त्यापुढची निघालीच नाही. प्रत्येक वेळी मावशीला कळवावे लागे, आणि प्रत्येक वेळी तोमे काहीतरी विचारी. किनुला उशी कडकच लागते ना अजून? दात कसे आहेत, सुके मासे चावतील का? मिझुए कलशाकडे पाठ करून उत्तरे देई. कडक लागते. मासे नकोत, मऊ काहीतरी कर. एकदा दिलेले उत्तर मागे घ्यायला आणखी एक वाक्य लागते, आणि ते तिच्याजवळ नव्हते.

तोमेने दक्षिणेकडच्या खोलीतल्या चटया बदलून घेतल्या. तिथे रस्त्याच्या कामावरचे दोन कामगार उतरले होते, त्यांना दुसऱ्या खानावळीत धाडले. बहिणीला सकाळचे ऊन मिळावे म्हणून.

"दे तिला फोन," एके दिवशी ती म्हणाली.

"झोपली आहे, मावशी."

"दुपारची? टोकियोवाल्या बाईसाहेब. बरं, झोपू दे. आमच्या बाबांची दुरडी असेल ना तुमच्याकडे, ती घेऊन या. किनुला म्हणावं, ताई त्यातच जेवण शिजवणार आहे."

दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टरमधली एक जागा रिकामी झाली. मिझुएने कलश नेला नाही. आधी सांगायचे होते. तिने मला पुसले आणि काखेत घेतले.

बेटावर उतरायला गवताचे एक मैदान आहे. तोमे आपल्या छोट्या ट्रकपाशी उभी होती. माझ्या आठवणीतली मुलगी मी शोधत होते. समोर वाकलेली म्हातारी होती. नऊ जण उतरले. तिने मिझुएला पाहिले, मग ती तिच्या खांद्यावरून हेलिकॉप्टरच्या दाराकडे पाहत राहिली. माणसाने येऊन दार बाहेरून लावले.

"पुढच्या खेपेला का?" तोमेने विचारले.

"नाही, मावशी."

तोमेने मला हातात घेतले, काठावरच्या तारेवरून अंगठा फिरवला आणि ती ट्रकमध्ये बसली. बोगद्यातून आम्ही खोलगटात उतरलो. रस्ताभर ती मिरचीच्या पिकाबद्दल बोलत होती. खड्ड्यापाशी आल्यावर तिने रताळी, अंडी आणि मासे माझ्यात रचले. ओलसर गरम वाफ अंगावर आली. इतक्या वर्षांत मी कोरडी पडले होते. कांब्या कुरकुरल्या आणि मग ढिल्या झाल्या. म्हणून पुढचे मी आतून ऐकले.

"मावशी, आई गेली. शरदात. झोपली होती, ते सगळं मी खोटं सांगितलं."

झाकणावर एक हात पडला.

"उघडू नकोस," तोमे म्हणाली. "अजून शिजलं नाही."

थोड्या वेळाने तिने विचारले, "त्रास झाला का?"

"शेवटी नाही झाला."

"फोनवर सांगितलं असतंस तर मी मेले असते, असं वाटलं तुला?"

"आईला वाटलं."

"तिला वाटणारच. मी वादळात कौलं बसवायचे तेव्हाही खालून रडायची, ताई पडशील म्हणून. आणि दोन धट्टीकट्टी माणसं हाकलली मी तिच्यासाठी."

झाकण उघडले तेव्हा दोघींचे चेहरे मला वाफेतून दिसले. कुणीच रडत नव्हते. तोमेने तीन वाटे केले. एक स्वतःपुढे ठेवला, एक मिझुएपुढे, आणि तिसराही मिझुएपुढेच सरकवला.

"बोटीने आलेलं अन्न टाकायचं नसतं. तिचं कोण खाणार? खा."

मिझुएने आधी आपला वाटा खाल्ला, मग आईचा. सावकाश, रताळ्याच्या सालीसकट. चव लागली की नाही ते ती बोलली नाही. पण मिठाची वाटी तिने मागितली.

मी आता बेटावर तोमेपाशी असते. रोज वाफेत जाते, रोज सावलीत वाळते. कामगार दक्षिणेच्या खोलीत परतले आहेत. मिझुए फोन करते, आणि तोमे ओरडून बोलते.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी जुनी दुरडी असेल तर तिला फार जपून उंचावर ठेवू नका. पाणी लागू द्या, वाफ लागू द्या, हात लागू द्या. आणि घरात एखादे म्हातारे माणूस असेल, त्याला सोसणार नाही म्हणून काही सांगायचे राहून गेले असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा आणि सांगून टाका. बांबू असो की माणूस, तुम्हाला वाटते त्याहून पुष्कळ जास्त वाफ सोसतो.