धडक मी दिली नाही

मी सायकल बोलतेय. पोलीस ठाण्याच्या मागे, पत्र्याच्या शेडखाली, जप्त केलेल्या दोन टेम्पोंच्या मध्ये मला उभी केली आहे. माझ्या हँडलला सुतळीने एक पुठ्ठा बांधलाय. त्यावर गुन्ह्याचा नंबर आहे आणि खाली निळ्या शाईत लिहिलंय, ‘धडक देणारे वाहन’. दोन पावसाळे मी हे तीन शब्द अंगावर वागवतेय. ते खोटे आहेत. मला हात नाहीत, नाहीतर तो पुठ्ठा मी कधीच फाडून टाकला असता.

माझा जन्म फ्रान्समधला, एका छोट्या कारखान्यातला. पोलादी सांगाडा, गडद हिरवा रंग, बारीक टायर. लुक नावाच्या माणसाने मला घेतलं. तो द्राक्षं आणि वाइन यांतला जाणकार होता. सुट्टीच्या दिवशी तो मला मोर्व्हां नावाच्या डोंगरात न्यायचा. एकच गाडी जाईल एवढे रस्ते, दोन्ही बाजूंना ओक आणि बीचची दाट झाडी, चढ संपला की तळ्याचं पाणी दिसायचं. तासाभरात एखादी मोटार यायची. तीही मागे हळू चालत राहायची आणि रस्ता रुंद झाल्यावरच पुढे जायची. लुक हात वर करायचा, ड्रायव्हरही हात वर करायचा. मला वाटायचं, जगातले सगळे रस्ते असेच असतात.

मग लुक दिंडोरीजवळच्या एका वायनरीत तीन हंगामांसाठी आला आणि मलाही घेऊन आला. तिथल्या प्रयोगशाळेत चैताली काम करायची. नाशिकरोडच्या कॉलनीतली, सावळीराम मास्तरांची मुलगी, उंच आणि कमी बोलणारी. परत जाताना लुकने मला तिच्या हाती दिलं. मला विमानासाठी पुन्हा खोक्यात भरायचं त्याच्या जिवावर आलं होतं, असं त्याने सांगितलं. खरं कारण मला माहीत होतं. चैताली रोज जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे बघत उभी राहायची.

तिच्या घरी बरंच बोलणं झालं. आई म्हणाली, “पस्तिशीला आलीस, आता सायकलवर फिरणार? तेही एकटी?”

सावळीराम मास्तर वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, “फिरू दे तिला. हवा भरायचा पंप आहे का बरोबर, तेवढं विचार.”

रविवारी पहाटे आम्ही निघायचो. गंगापूर, गिरणारे, मग वाघेऱ्याच्या घाटाची वाट. घाटाआधी एक जुना डांबरी रस्ता डावीकडे जंगलात शिरतो. तो शेवटच्या पाड्यापर्यंत जातो आणि संपतो. साग, ऐन, मधूनच एखादा मोह. दिवसातून दोनदा एसटी, सकाळी आणि दुपारी. तिचा ड्रायव्हरही आमच्या मागे निवांत यायचा, हॉर्न न वाजवता. चैताली हात वर करायची, तोही करायचा. हा रस्ता मला लगेच आपला वाटला.

चढाच्या वळणावर मोहाच्या झाडाखाली नवसाबाई बसायची. पाड्यावरची म्हातारी, समोर टोपलीत करवंदं, पावसाळ्यात रानभाज्या. पहिल्या दिवशी तिने चैतालीला पाणी दिलं आणि विचारलं, “घरी भांडण झालं का बाय?”

“नाही मावशी. सहज आले.”

“सहज कोण येतं इकडं?” ती म्हणाली, आणि करवंदांचा द्रोण पुढे केला.

पुढे दर रविवारी मला झाडाला टेकवून चैताली तिच्याजवळ तासभर बसायला लागली. दोघी फारसं बोलायच्या नाहीत. नवसाबाई एकदा म्हणाली, “गाडी लांब असली तरी मला कळतं. आधी पाखरं उडत्यात, मग आवाज येतो.”

मला चैतालीचा राग आला तो एकदाच. तिने तो रस्ता मोबाइलवर टाकला, सायकलवाल्यांच्या ॲपवर, फोटोंसकट. तिला आनंद वाटून घ्यायचा होता, हे मला समजतं. पण तिसऱ्याच दिवशी अमोल सरांचा फोन आला. ते शहरातल्या एका मोठ्या सायकल क्लबचे अध्यक्ष.

“मॅडम, एवढा भारी रूट लपवून ठेवलात?”

चैताली म्हणाली, “या की. पण थोडेच या. आणि बरोबर गाड्या नकोत, रस्ता अगदी अरुंद आहे.”

“शंभर टक्के,” अमोल सर म्हणाले.

मे महिन्यातल्या एका रविवारी ते आले. सायकलवाले अडीचशेच्या वर. बरोबर चार जीप, एकीवर स्पीकर, वर फिरणारा ड्रोन. आवाज गिरणाऱ्यापासूनच येत होता. नवसाबाईच्या मोहाच्या खोडात त्यांनी खिळे ठोकले आणि फलक लावला, ‘शांततेच्या वाटेवर’. नवसाबाईने फक्त विचारलं, “झाडाला खिळे कशाला?” केळ्यांच्या साली, पाण्याच्या बाटल्या, एनर्जी जेलची चकचकीत पाकिटं तिच्या टोपलीभोवती पडत राहिली. एकाने तिच्याबरोबर सेल्फी घेतला. करवंदं कोणी घेतली नाहीत.

चैतालीने मला नेहमीच्या जागी टेकवलं आणि ती अमोल सरांना शोधत वर गेली. “गाड्या नकोत म्हटलं होतं मी,” एवढं तरी तिला त्यांच्या तोंडावर सांगायचं होतं.

तेवढ्यात स्पीकरची जीप वळणावर उलटी आली. ड्रायव्हरला सगळे सायकलवाले एका फोटोत घ्यायचे होते आणि त्याच्या शेजारचा माणूस फोन धरून “अजून मागे, अजून मागे” म्हणत होता. नवसाबाई ओरडली. गाण्याच्या आवाजात ते कोणाला ऐकू गेलं नाही. मी झाडाला टेकलेली, मला हलता येत नव्हतं. मागचं चाक आधी माझ्या पुढच्या चाकावरून गेलं, मग तिच्या पायावरून.

जीपमधून ड्रायव्हर उतरला, त्याने बघितलं आणि पहिलं काम काय केलं? स्पीकर बंद केला. दुसरं काम, जीप दोनशे फूट पुढे नेऊन लावली.

चैताली धावत आली. नवसाबाईचं डोकं तिने मांडीवर घेतलं. अमोल सर आले तेव्हा ते फोनवर कोणाला तरी सांगत होते, “म्हातारी मध्ये आली.” ती कुठेही आली नव्हती. ती बसली होती, रोज बसते तिथे.

तिला दवाखान्यात नेलं तेही तासाभराने, दुपारच्या एसटीने. जीपच्या सीट खराब होतील असं कोणीतरी म्हणालं. ते मी ऐकलं आहे.

मग कागद सुरू झाले. ती जीप सायकल क्लबला मदत करणाऱ्या एका बड्या माणसाची होती. माझं पुढचं चाक चपटं झालेलं होतं, तेच त्यांच्या उपयोगी पडलं. नवसाबाई वेदनेने अर्धवट शुद्धीत म्हणाली होती, “चाक अंगावर आलं.” जबाब घेणाऱ्या पोलिसाने लिहिलं, ‘सायकलचे चाक अंगावर आले’, आणि खाली तिचा अंगठा घेतला. भरधाव सायकल चालवून वृद्धेस जखमी केले, असा गुन्हा चैतालीवर लागला.

नुसती धडक दिल्याने चाक असं चपटं होतं का? कोणीही पंक्चरवाला सांगेल, नाही होत. पण पंक्चरवाल्याला कोणी विचारलं नाही. जीप पुरावाच नव्हती, त्यामुळे ती त्याच दिवशी घरी गेली. मी पुरावा, म्हणून मी इथे. सीटमधला स्पंज उंदरांनी नेला. चेन गंजून घट्ट झाली आहे. तो क्लब अजून दर महिन्याला त्याच रस्त्यावर जातो.

परवा मला टेम्पोत घालून कोर्टात नेलं. नवसाबाई सकाळच्या एसटीने आली होती, काठी टेकत. तिचा पाय वाकडा जुळला आहे. सरकारी वकिलांनी मला दाखवून विचारलं, “हीच सायकल तुमच्या अंगावर आली का?”

“सायकल कशी येईल?” ती म्हणाली. “ती झाडाला टेकलेली होती. जीप तिच्यावरून गेली आणि मग माझ्यावरून. आम्ही दोघी बरोबरच मोडलो.”

“मग आधीच्या जबाबावर अंगठा का दिला?”

“मला वाचता येत नाय. कोणी वाचून दाखवला असता तर दिला नसता.”

न्यायाधीशांनी वर बघितलं आणि तिचं म्हणणं जसंच्या तसं लिहून घ्यायला सांगितलं.

बाहेर व्हरांड्यात अमोल सर उभे होते. हलक्या आवाजात चैतालीला म्हणाले, “मॅडम, ही केस अजून तीन-चार वर्षं चालेल. गुन्हा कबूल करा, किरकोळ दंडावर आज सुटाल. संध्याकाळी सायकल घरी.”

चैताली टेम्पोपाशी आली. दोन वर्षं तारखांना रजा टाकून ती थकली आहे. वायनरीत तिला दोनदा समज मिळाली आहे. तिच्या आईला रात्री झोप लागत नाही. माझ्या गंजलेल्या दांडीवर हात ठेवून तिने विचारलं, “मावशी, काय करू?”

नवसाबाई पायरीवर बसली होती. “तुझी सायकल, तुझी नोकरी. तू ठरव,” ती म्हणाली. “पण मी आज खरं बोलले बाय. एवढ्या लांब येऊन बोलले. ते पुसू नको.”

चैतालीने मान हलवली. मग ती आत गेली आणि पुढची तारीख घेऊन आली.

अमोल सर निघून गेले. मला पुन्हा इथे आणून, पहिल्याच जागी उभं केलं. माझा राग गेलेला नाही आणि मला तो जायलाही नको आहे. तुम्ही कधी अशा एखाद्या गप्प रस्त्यावर गेलात, तर तिथे आधीपासून कोणीतरी बसलेलं आहे, एवढं बघून जा. आणि चैताली, तुला सांगायचं ते हे : मला सोडवण्यासाठी खोटं कबूल करू नकोस. माझा गंज होऊ दे. मी थांबेन.