उलट्या प्रवाहाची दुपार

मित्रांनो, मी एक जुना चुंबक आहे. घराएवढा अवजड, पोटात तांब्याची वेटोळी. जर्मनीतल्या जंगलाकाठच्या या प्रयोगशाळेत सोन्याच्या पातळ पत्र्यावर सोन्याचेच अणुगर्भ भन्नाट वेगाने आपटतात आणि कणांचं कारंजं माझ्या पोटातून सुसाट सुटतं. धन कणांना मी उजवीकडे वळवतो, ऋण कणांना डावीकडे. ज्याचा संवेग, म्हणजे पळण्याचा जोर, कमी, तो जास्त वळतो; दांडगा जवळजवळ सरळच पळतो. त्या वळणावरून माणसं संवेग मोजतात आणि कुठल्या संवेगाचे किती कण आले, याचा आलेख काढतात. अंगात वीज खेळू लागली की मला अजूनही चेव येतो!

पूर्वी पाहुणे माझ्यासमोर उभे राहून फोटो काढायचे. मग रंग उडाला आणि कौतुकही आटलं.

यंदा फ्राउके नावाच्या तरुण संशोधिकेला आलेखात भलतंच काही दिसलं. पायॉन नावाच्या हलक्या कणांत मंद ऋण कण धन कणांपेक्षा कितीतरी जास्त होते.

"टकरीतून जो गोळा बनतो ना, त्यात धन भार ठासून भरलाय," ती गटप्रमुख बुर्कहार्टना म्हणाली. "तो ऋण कणांना मागे ओढतो, म्हणून ते मंदावतात!"

"कसला गोळा नि कसलं काय! या म्हाताऱ्याची डावी बाजू बिघडली असणार. तसं असेल तर तुझी सगळी मोजणी कचऱ्यात आणि हा भंगारात."

भंगारात! ऐकून माझं लोखंड गार पडलं.

"मग प्रवाह उलटा करा," फ्राउके हटून बसली. "ऋण कण उजवीकडे जातील. जादा कण त्यांच्याबरोबर गेले तर माझं खरं. डावीकडेच राहिले तर चुंबकाचा दोष."

सोन्याचा मारा संध्याकाळी कायमचा थांबणार होता. बुर्कहार्टनी कुरकुरत स्वतःच कळ फिरवली. मी जीव तोडून उलटं वळवलं.

आलेख आला. आता धन कण जादा दिसत होते.

"बघ! धन कण आता डावीकडे वळतात, म्हणजे जादा कण डावीकडेच राहिले. चूक तुझी, केक तुझ्याकडून," बुर्कहार्ट म्हणाले. आमच्याकडे चुकणाऱ्याने केक आणायची रीतच आहे. फ्राउकेचा चेहरा उतरला. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण मला तोंड कुठे?

एकाएकी ती खुर्चीतून उडालीच.

"थांबा! प्रोटॉन बघा. ते तर धन भाराचे, आणि आलेखात सगळे ऋण बाजूला! एवढे उलट्या भाराचे प्रोटॉन? नवं विश्व जन्माला घातलंत की काय? अहो, चुंबक उलटा केलात, पण संगणकाला सांगितलंत का?"

बुर्कहार्टनी कपाळाला हात लावला. "अरे देवा! तो अजून डावीकडच्याला ऋणच समजतोय."

संगणकातली दिशा बदलली. नवा आलेख जुन्यावर ठेवला, तर रेघेवर रेघ बसली! जादा कण ऋणच होते. फ्राउकेने मला मिठी मारायचा प्रयत्न केला. हात पुरले नाहीत, पण मी सुखावलो. बुर्कहार्ट मुकाट्याने केक आणायला निघाले.

मित्रांनो, माझ्या जागी नवा चुंबक येणार आहे, येऊ दे. थकलेल्याला विश्रांती जरूर द्या. पण त्याला खोटा ठरवण्याआधी आपलं काही सांगायचं राहिलं नाही ना, एवढं बघा.