हुकमाची गॅलरी

"पोरी, पत्त्यातलं घर लोकांच्या हाती देऊ नगंस. येखादा खरंच बांधून बसंल," जाईबाई म्हणाल्या, तेव्हा रश्मी हसली होती. सासूबाईंना पत्ते म्हटलं की खोटच दिसते, असं तिला वाटलं.

पुण्याच्या काही आर्किटेक्ट मंडळींनी तो पत्त्यांचा कॅट काढला होता. नव्या धर्तीची घरं लोकांना कळावीत म्हणून. रंग चार: खांब, काच, गच्चीवरची बाग आणि खाली आधार नसलेली, पुढं आलेली गॅलरी. गॅलरीचं पान टाकायचं तर आधी हातात ‘वरची सळई’ हे पान हवं. कारण अशा गॅलरीला लोखंड वरच्या अंगाला लागतं, नाहीतर ती मोडून पडते. सणसवाडीत हा खेळ शिकवायचं काम पदवीधर रश्मीकडं आलं. साल दोन हजार तीन.

म्हस्कूआप्पांच्या भाड्याच्या खोल्यांपुढं डाव बसला. रश्मी-नागसेनचं बिऱ्हाडही तिथलंच. पण दोन हातांतच आप्पा वैतागले.

"सळई न्हाई म्हून अडून बसायचं? आपला मेंढीकोट बरा. आन् गॅलरी हुकूम! खऱ्या मेंढ्या आमच्या आबांनी इकल्या, पत्त्यातल्या तरी धरू द्या की!"

सगळे खदखदून हसले. सळईची पानं रश्मीनंच बाजूला काढली. लोक खेळताहेत, हेच पुष्कळ होतं. मग रोज संध्याकाळी गॅलरी खांबांना कापत राहिली.

उन्हाळ्यात आप्पांनी वरच्या मजल्याला तशीच गॅलरी काढायला घेतली. मुलीला कडेवर घेऊन रश्मी बघत होती. सळया तळाशी अंथरलेल्या.

"आप्पा, लोखंड वर पाहिजे."

"आन् खाली काय हवा धरनार व्हय? मिस्त्री जन्मभर स्लॅब टाकतोय."

"पत्त्यात होतं की."

"त्यो पत्ता तर तूच काढलास, बाई!"

स्लॅब ओतून झाला. खाली टेकू तसेच उभे राहिले. खालच्या खोलीतल्या पूनमनं दोन टेकूंना दोर बांधून तान्ह्या सार्थकची झोळी टांगली. "सावली झाली बघा, ताई."

तेवढ्यात नागसेनला दौंडला रेल्वेत नोकरी लागली. निघताना रश्मीनं पूनमचा हात धरला. "टेकू काढतील तवा बाळाला घेऊन लांब जा."

पूनम हसली. सासूबाईंच्या बोलण्यावर रश्मी हसली होती, अगदी तशीच.

आता दौंडात मुलगी तापानं फणफणलीय, नागसेन ड्यूटीवर. कपाळावरच्या पट्ट्या बदलता बदलता रश्मी आप्पांच्या दुकानात फोन लावते. परवा त्यांनी उचलला होता. "टेकू दुसऱ्या कामाला लागत्यात. आज-उद्या काढतो," म्हणाले. तिचं बोलणं पुरतं व्हायच्या आत फोन ठेवला. कालपासून नुसती रिंग जाते.

तिकडं जाणारा जो भेटेल त्याला ती विचारते, तसंच तुम्हालाही विचारतेय: सणसवाडीवरून जाणार असाल, तर म्हस्कूआप्पांच्या खोल्यांपाशी थांबाल का जरा? गॅलरीखाली जाऊ नका. लांबूनच पूनमला हाक मारा. आणि झोळी आता कुठं बांधलीय, तेवढं बघा.