वेटोळ्यावरचा डाग

घोड्याच्या शेपटीचे पांढरे केस, मूठभर.

मनमाडहून आलेल्या गाडीचं तिकीट, चार घड्या घातलेलं.

एका बाईच्या उजव्या पायाचा घोटा.

"उद्या" हा शब्द.

भिकननं व्हायोलिन पेटीतून काढलं आणि ते न्यायला मनमाडहून आलेल्या प्रतिभाच्या हातात दिलं. इंदिरानगरातल्या त्याच्या दुकानात दुपारचं कुणी फिरकत नसे. भिंतीवर गज ओळीनं टांगलेले, काचेखाली तारांची पाकिटं. प्रतिभाची आई, सुलाबाई, जाऊन दोन महिने झाले होते. तिचं वाद्य मुलीनं तारा बदलायला आणून ठेवलं होतं.

"वेळेवर दिलंत की हो काका! आई म्हणायची, भिकन उद्या म्हणाला की सरळ पुढच्या वर्षीचं कॅलेंडर आणावं."

"खोटं नाही बोलायच्या बाई." भिकन ओशाळून हसला. "तारा चांगल्यातल्या घातल्यात. गजाचे केसही नवे भरलेत. छेडून बघा."

तिनं तारा छेडल्या नाहीत. तिचा अंगठा मानेवरून सरकत टोकाच्या लाकडी वेटोळ्यापाशी गेला. थांबला. पुन्हा फिरला.

"इथं डाग होता."

"काढला ना. घासून दोन हात वार्निश दिलं. त्याचे वेगळे पैसे नकोत मला."

"काका," ती सावकाश म्हणाली, "आई खाली बसून वाजवायची. हे टोक उजव्या घोट्यावर टेकवून. रोज. तिथलाच रंग उडाला होता. मला वाजवता नाही येत. मी नुसता तिथं हात ठेवायचे."

भिकननं फडकं उचललं. काच पुसली. स्वच्छ होती तिथंही पुसली.

"तारा बदला, एवढंच सांगितलं होतं मी."

"हो ताई."

"मग कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

भिकनचे ओठ हलले. भिंतीवरच्या गजांकडे त्यानं एकदा पाहिलं. फडक्याची घडी घातली, मोडली, परत घातली.

"कुणी नाही," तो म्हणाला. "चुकलं माझं."

प्रतिभानं चप्पल काढली आणि तिथंच फरशीवर बसली. टोक घोट्यावर टेकवलं.

"गार लागतंय."

भिकन गुडघ्यांवर हात देत तिच्यासमोर बसला. एक गज घेतला, केसांवर राळेचा खडा फिरवला आणि तिच्यापुढे धरला.

"असा धरा. अंगठा वाकवून. दाबू नका."

तार करकरली. दोघांनीही नजर वर केली नाही.

"आणखी एकदा," भिकन म्हणाला.

एकोणीस वर्षांपूर्वी सुलाबाईंनी हे व्हायोलिन याच दुकानातून जुनं म्हणून घेतलं. डाग तेव्हाही होता, आणि आधीच्या माणसाचा तेवढा काढून द्या, असं त्यांनी भिकनला सांगितलं होतं. भिकन म्हणाला होता, उद्या.