सकाळचं पहिलं गिऱ्हाईक

आमच्या ह्युए शहराच्या बाजारात भवानीला आलेलं गिऱ्हाईक काही न घेता गेलं, की दिवस गेला म्हणून समजा. मग दुकानदार कागद पेटवून उंबऱ्यावर फिरवतो, अपशकुन घालवतो. मीही माझ्या टोप्यांच्या दुकानात फिरवते, पण गिऱ्हाईक वळणाआड गेल्यावर. शेजारी माझ्या धाकट्या बहिणीचं, थुईचं, कापडाचं दुकान. तिला तेवढा दम कुठला?

तिचंही खरंच होतं म्हणा. समोर कापडाचंच मोठं दुकान झालेलं. तेतच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या सणापर्यंत जम बसला नाही, तर लेकीला माझ्याकडे ठेवून तिला सायगावच्या कारखान्यात जावं लागणार होतं.

त्या सकाळी एक आजी आल्या. नातीच्या लग्नासाठी कापड हवं होतं. ढीगभर ताके उलगडायला लावले, बोटांनी चाचपले, आणि "बघते हं" म्हणून निघाल्या. थुईने लगेच कागद पेटवला. आजींची छत्री आत राहिली होती. त्या परत फिरल्या आणि धुरातच उभ्या राहिल्या. छत्री घेतली आणि गेल्या.

"अगं बये, पाठ तरी वळू द्यायचीस," मी म्हटलं.

"ताई, आता नको ना बोलूस." थुई दिवसभर जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं, तर आजी समोरच्या झाडाखाली बसलेल्या. उन्हं चढली तरी हलेनात. थुईकडे चिटपाखरू फिरकलं नव्हतं. शेवटी मीच जाऊन विचारलं, "आजी, कुणाची वाट बघताय?"

"तिची भवानी होऊ दे, बाई. मग जाते आत. माझ्या पायगुणाने पोरीचं नुकसान नको."

मी परत येऊन थुईला सांगितलं. ती तशीच अनवाणी रस्ता ओलांडून गेली आणि आजींचा हात धरला.

"चला, आजी. आजचं पहिलं गिऱ्हाईक तुम्हीच."

"आणि आजही काही पसंत नाही पडलं तर?"

थुईने एकदा रिकाम्या दुकानाकडे पाहिलं.

"तर चहा घेऊन जा," ती म्हणाली. "आणि उद्याही पहिल्या तुम्हीच या."