कानात आणि माइकवर

पडद्याच्या कडेला उभी राहून चेतनानं पुढचं वाक्य हळूच सांगितलं. तिच्या सासूबाई, प्रेमाबाई, बोलल्या नाहीत. तिनं पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. प्रेमाबाई रंगमंचावरच्या सोफ्यावर बांगड्या मागेपुढे करत बसल्या होत्या आणि समोरच्या बायकांकडे नुसत्या बघत होत्या.

वाक्य काही अवघड नव्हतं. ‘मले काय करायचं, पण...’ एवढंच. नाटकातली शेठाणी कुणाचीही चहाडी करण्याआधी हे म्हणायची आणि मग त्या घरची अब्रू वेशीवर टांगायची. मंगरूळपीरच्या जैन महिला मंडळासाठी चेतनानं हे प्रहसन लिहिलं, तेव्हा तिला शब्द शोधत बसावं लागलं नव्हतं. लग्न झाल्यापासून रोज सकाळी ओट्यापाशी ती सासूबाईंच्या तोंडून तेच ऐकत होती.

गंमत अशी, की वाचनाच्या दिवशी सगळ्यांत जास्त हसल्या त्या प्रेमाबाईच. ही तर हुबेहूब कांचनबाई, असं म्हणून त्यांनी शेठाणीचं काम कुणाला न विचारता स्वतःकडे घेतलं. कांचनबाई म्हणजे मंडळाच्या अध्यक्षा, डाळमिलवाल्यांच्या. चेतनाला तेव्हाच खरं सांगता आलं असतं. पण सांगितलं असतं तर नाटक बोंबललं असतं, आणि आतून तिला मजाही येत होती. भीतीही वाटत होती, कारण टाळ्या वाजून झाल्यावर तिला याच बाईसोबत एका घरात नांदायचं होतं.

त्यात दिवस क्षमावाणीचा. वर्षभरात ज्याला दुखावलं त्याच्यापुढे हात जोडायचा. चेतनानंही सकाळी सासूबाईंच्या पाया पडून ‘उत्तम क्षमा’ म्हटलं होतं, एक डोळा गॅसवरच्या दुधाकडे ठेवून.

नाटकात ते वाक्य दोनदा आलं, दोनदा हशा पिकला, प्रेमाबाई खुलल्या. तिसऱ्या वेळी मात्र त्यांनी तोंड उघडण्याआधीच सगळं सभागृह एका सुरात म्हणालं, मले काय करायचं, पण. म्हणताना कुणीही कांचनबाईंकडे बघत नव्हतं. कांचनबाई तर सगळ्यांत मोठ्यानं म्हणत होत्या.

तेव्हापासून प्रेमाबाई गप्प होत्या. चेतनानं वाक्य आणखी एकदा सांगितलं.

प्रेमाबाई उठल्या. बायकांकडे पाठ करून सुनेकडे वळल्या.

"मी कानात बोलते, बाई. तू तर माइकवर बोलली."

एवढा हशा त्या दिवशी दुसऱ्या कुठल्याच वाक्याला मिळाला नाही. टाळ्या थांबेनात. उरलेलं नाटक तसंच सोडून चेतनानं पडदा ओढला.

कांचनबाई कौतुक करायला आत आल्या. शेवटचं वाक्य म्हणजे कळस होता, चेतनानंच लिहिलं ना, असं त्यांनी विचारलं. प्रेमाबाई आरशात बघून तोंडावरची पावडर पुसत होत्या.

"तिचंच हाय सारं," त्या म्हणाल्या. "मी नुसती बोलते."

कांचनबाई गेल्यावर दोघीच राहिल्या. चेतनाला रडूच यायचं बाकी होतं. तिनं हात जोडले.

"उत्तम क्षमा, आई."

"सकाळी मागितली ना तू?"

"सकाळी नाटक व्हायचं होतं."

प्रेमाबाई आरशापासून तिच्याकडे वळल्या. मग अंबाड्यातल्या पिना एकेक काढून त्यांनी तिच्या हातात दिल्या आणि शेजारची खुर्ची पायानं जवळ ओढली. चेतना बसली. दाराबाहेर कुणी नाही ना, हे त्यांनी वाकून पाहिलं.

"मले काय करायचं," त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "पण कांचनबाईनं आज कोनालेच क्षमा मागितली नाही."

चेतनानं उठून दार लावलं आणि कान पुढे केला.